मेंढ्याची घंटा

कार्व्हर वेल्समध्ये कुठल्या मुलाचं मन कुठल्या मुलीवर बसलंय, हे जोनेल प्रुइटला सगळ्यांच्या आधी कळायचं. कधीकधी तर त्या मुलीच्याही आधी. कारण होमकमिंगची, म्हणजे शाळेच्या वार्षिक फुटबॉल-मेळाव्याची, शेवंती द्यायची ती मुलानं, पण ती करायला सांगायला यायची मुलाची आई, आणि गावात शेवंत्या करणारी बाई एकच, जोनेल. तिच्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून आया पोरांची गुपितं भडाभडा ओकायच्या आणि वर म्हणायच्या, "तुझ्यामाझ्यातच ठेव हं." जोनेल ठेवायची. तिला हवं असतं तर तिनं अर्ध्या गावात भांडणं लावून दिली असती, पण तिचा तो स्वभावच नव्हता.

ही शेवंती म्हणजे नावालाच फूल. मधे ताटलीएवढं कापडाचं फूल, हल्ली तर तीन-तीन. भोवती फितींची झालर. आणि खाली गुडघ्यापर्यंत, हौस दांडगी असेल तर बुटापर्यंत, फितींच्या वेण्या, घुंगरं, इवलीशी अस्वलं आणि चमकीच्या अक्षरांत दोघांची नावं. पूर्वी ती पिनेनं छातीवर लावायचे. आता वजन इतकं वाढलंय, की पट्टा करून गळ्यात अडकवावी लागते. खालच्या वर्गांतल्या मुलींची शाळेच्या रंगांची, निळी-सोनेरी. पांढरी आणि रुपेरी मिळायची ती फक्त बारावीच्या मुलीला. नववीतली पोर पांढऱ्या शेवंतीकडे ज्या नजरेनं बघायची, त्या नजरेनं तिनं पुढे लग्नाचा झगाही बघितला नसेल.

जोनेलच्या शेजारी राहणारी पॅट्सी, सत्तरीची, गुडघ्यांनी जेरीस आलेली आणि जिभेनं तेवढीच तरतरीत, दर वर्षी म्हणायची, "ह्या पोरी आहेत का जत्रेत बक्षिसाला उभ्या केलेल्या गायी? आमच्या वेळी एक फूल असायचं, आणि तेवढ्यावर लग्नं व्हायची." असं म्हणत म्हणत ती घुंगरं ओवून द्यायची. बक्षीस म्हणून जोनेलच्या हातचा पीकन-पाय, अक्रोडासारख्या दाण्यांचा गोड पदार्थ, खायची.

जोनेलला स्वतःला शाळेत असताना कुणी शेवंती दिली नव्हती. मेंढपाळाची मुलगी, अंगाला लोकरीचा वास, आणि त्यातून उंच. बारावीत तिनं आपल्याच हातांनी एक केली आणि सांगितलं, की ब्रेडी गावच्या एका मुलानं पाठवलीय. तसा मुलगा नाही, हे सगळ्या वर्गाला ठाऊक होतं. कुणी तोंडावर बोललं नाही, हीच काय ती गावाची माया. पण ती शेवंती इतकी देखणी झाली होती, की पुढच्या वर्षी दोन आया घरी आल्या आणि तिथून हे सुरू झालं. सकाळी फीड स्टोअरमध्ये, गुरांच्या खाद्याच्या दुकानात, पोती मोजायची, दुपारनंतर फिती. दर वर्षी एक-दोन शेवंत्या ती जादा करायची. जिला कुणीच देणार नाही अशी एखादी मुलगी असतेच, तिच्या दारात होमकमिंगच्या आदल्या दिवशी, गुरुवारी, गुपचूप ठेवून यायची. हे फक्त पॅट्सीला माहीत होतं, आणि पॅट्सी तोवर एवढी एकच गोष्ट पोटात ठेवू शकली होती.

नवरा डेल तेलाच्या विहिरींवर पाण्याचा ट्रक चालवायचा, दोन आठवडे तिकडे, एक आठवडा घरी. मुलगा एकच, वेलन. आई टेबलाशी, म्हणून तोही टेबलाशी. अभ्यास करता करता कधी वेण्या घालायला शिकला ते जोनेलला कळलंही नाही. फुटबॉलच्या पोरांनी चिडवलं, तर म्हणाला, "मला येतं. तुम्हाला बुटाची नाडी धड बांधता येत नाही." त्यानंतर कुणी चिडवलं नाही. तसं तोंड होतं त्याचं.

नववीत त्यानं कॅसिडी व्हॉसला पहिली शेवंती दिली. ती जवळजवळ पुरी होत आली, तेव्हा तो आजोबांच्या गोठ्यात गेला आणि म्हाताऱ्या म्होरक्या मेंढ्याच्या गळ्यातली पितळी घंटा काढून घेऊन आला. जाड, डागाळलेली, एका बाजूला चेपलेली. घुंगरासारखी ती वाजायचीच नाही. ठोकळ्यावर ठोकल्यासारखा तिचा बोदा आवाज यायचा.

"अरे, ही काय लावायची वस्तू आहे?" जोनेल म्हणाली.

"आपली टीम रॅम्स. मग पोरीच्या अंगावर मेंढ्याचीच घंटा पाहिजे."

"ती तोंडावर फेकून मारेल तुझ्या."

"मारू दे. लक्षात तर राहीन."

कॅसिडीनं आधी तोंड वाकडं केलं. दुपारपर्यंत मात्र सगळ्या शाळेला कळलं होतं, की कॉरिडॉरमध्ये शंभर घुंगरं वाजत असतानाही कॅसिडी कुठल्या बाजूनं येतेय ते ओळखता येतं. पोरं बें-बें करायची, ती हसून लाल व्हायची. पुढच्या दोन वर्षी नवी शेवंती झाली, की वेलन जुनीवरची घंटा काढून नवीवर लावायचा. जुन्या शेवंत्या कॅसिडीनं आपल्या खोलीत भिंतीवर टांगल्या होत्या, तिकडच्या सगळ्याच मुली टांगतात तशा.

अकरावीच्या फेब्रुवारीत मायलेक सॅन अँजेलोला जाऊन पांढऱ्या आणि रुपेरी फिती घेऊन आले. "पार बुटापर्यंत पाहिजे मला," तो म्हणाला. "तिला जिना उतरताना दोन माणसं लागली पाहिजेत." त्याच आठवड्यात त्यानं एक सहापदरी वेणी घालून ठेवली, जरा तिरकी, मधे एक पदर सुटलेला. जोनेल म्हणाली उसव, तो म्हणाला राहू दे, उद्या बघतो.

मार्चमध्ये एका धुक्याच्या सकाळी आजोबांच्या मेंढ्यांना पाणी सोडायला जाताना त्याची पिकअप वळणावर कलंडली. घरापासून फार लांबही नव्हती.

त्यानंतर जोनेलची वाचाच बसली म्हटलं तरी चालेल. फीड स्टोअरमध्ये हो-नाही एवढंच. डेलनं जादा पाळ्या मागून घेतल्या, आणि घरी आला तरी अंगणात ट्रकमध्येच बसून राहायचा, रेडिओ बंद करून. दोघं एकमेकांना टाळत नव्हते, पण एकमेकांचं तोंड बघितलं की दोघांनाही तिसरं तोंड दिसायचं. गावानं महिनाभर डबे आणून दिले, मग डबे थांबले. त्यात गावाचा दोष नाही. माणसं किती दिवस रडणार?

मे महिन्यात तिनं पांढऱ्या फितींची पिशवी उघडली.

उन्हाळाभर ती त्या एका शेवंतीवर बसली होती. असं काम तिनं जन्मात केलं नव्हतं. वेलनची तिरकी वेणी तिनं तशीच मधोमध लावली, बाकीच्या वेण्या तिच्या दोन्ही अंगांना. पार बुटापर्यंत. घंटेची जागा मोकळी ठेवली; घंटा कॅसिडीकडच्या शेवटच्या शेवंतीवर होती, ती कॅसिडी स्वतःच लावील, असं तिनं मनाशी ठरवून टाकलं होतं. होमकमिंगच्या शुक्रवारी कॅसिडी ती घालून मैदानावरून चालत जाईल आणि वेलननं दिलेला शब्द पुरा होईल. एवढ्या एका गोष्टीवर जोनेल सकाळी अंथरुणातून उठत होती.

पॅट्सीनं एकदा विचारलं. घुंगरं ओवता ओवता, वर न बघता.

"पोरीला सांगितलंस का गं?"

"शेवंती काय आधी सांगून देतात?"

"नाही. पण अजून पोर आहे ती."

"मग?"

"मग काही नाही. सुई दे इकडे."

एरवी पॅट्सी एवढ्यावर गप्प बसणारी बाई नव्हे. जोनेलच्या हे तेव्हाच लक्षात यायला हवं होतं. पण ज्या बाईला गावातलं सगळं सगळ्यांच्या आधी कळायचं, तिलाच ही एक गोष्ट सगळ्यांच्या शेवटी कळायची होती.

सप्टेंबरात शाळा सुरू होऊन थोडे दिवस झाले होते, तेव्हा शॉना टकर आली. टायर दुकानवाल्याची बायको. तिचा मुलगा ग्रेडी वेलनच्याच वर्गातला, त्याच्याच टीममधला, वेलनच्या शवपेटीला खांदा दिलेला. शॉनाच्या हातात कॅसरोल होतं, फॉइलनं झाकलेलं. डबे थांबून महिने झाले होते, म्हणून जोनेलला जरा नवल वाटलं.

शॉना बसली. कॉफी नको म्हणाली. मग म्हणाली, "मी सॅन अँजेलोला जाणार होते गं. तिथल्या दुकानात ऑर्डर देऊन टाकावी, तुला त्रास नको. गाडीत बसले होते मी. मग म्हटलं, शुक्रवारी मैदानावर एकदम बघण्यापेक्षा माझ्या तोंडून ऐकलेलं बरं."

"काय ऐकायचंय?"

"ग्रेडीला शेवंती द्यायचीय. पांढरी." शॉना फॉइलच्या कडा दाबत राहिली. "कॅसिडीला."

बाहेर कुणाचातरी कुत्रा भुंकत होता.

"ते आधी नुसते बोलत बसायचे," शॉना म्हणाली. "वेलनबद्दलच. दोघांना दुसऱ्या कुणाशी बोलताच येईना. मग हे... झालं. मी काही म्हणाले नाही, तू तरी काय म्हणाली असतीस? तू खुशाल नाही म्हण, जोनेल. नाही म्हणालीस तर मी उठून जाईन, आणि मनात काही ठेवणार नाही."

आतल्या खोलीच्या दारामागे, चादरीखाली, पांढरी शेवंती टांगलेली होती. तिला वाटलं, शॉनाला हाताला धरून आत न्यावं, चादर ओढावी आणि म्हणावं, बघ, कॅसिडीला मिळालीय. पण शॉनाच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि ती खोटं बोलत नव्हती.

"किती लांब हवी?" जोनेलनं विचारलं.

"काय?"

"वेण्या. गुडघ्यापर्यंत, का खाली?"

शॉना रडायला लागली. जोनेल उठून कॉफी करायला गेली, कारण दुसऱ्याला रडताना बघायची तिची ताकद उरली नव्हती.

होमकमिंगचा आठवडा आला आणि गाव उधळलं. दुकानांच्या काचांवर बुटाच्या पांढऱ्या पॉलिशनं मेंढे रंगवले गेले, बँकेच्या काचेवरचा मेंढा तर दर वर्षीप्रमाणे डुकरासारखा झाला. सोमवारी पोरं झोपायच्या कपड्यांत शाळेत गेली, मंगळवारी जोडीजोडीनं एकसारखे कपडे, बुधवारी निम्मी पोरं म्हातारी होऊन, काठ्या टेकत. फीड स्टोअरचा मालकसुद्धा डोक्याला शिंगं लावून गल्ल्यावर बसला होता. गिऱ्हाईकं जोनेलशी बोलताना आवाज खाली आणायची, पैसे द्यायची, आणि दाराबाहेर पडल्याबरोबर पुन्हा ओरडायची, "गो रॅम्स!" तिला त्यांचा राग येत नव्हता. तिला वाटायचं, ह्यांना निदान ओरडायला काहीतरी आहे.

गुरुवारी ती कामावरून परतली, तेव्हा पोर्चमधल्या झोपाळ्यावर एक काळी कचऱ्याची पिशवी ठेवलेली होती. उचलली तशी ती वाजली. आधी घुंगरं, आणि घुंगरांच्या खाली तो बोदा, ठोकळ्यासारखा आवाज. आत वेलनच्या तिन्ही शेवंत्या होत्या. धूळ झटकलेल्या, फिती नीट गुंडाळून रबर लावलेल्या. चिठ्ठी नाही, निरोप नाही. दाराची बेलही वाजवली नसणार.

ती बराच वेळ पोर्चच्या पायरीवर बसली. पोरीनं ह्या फेकून दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं. फेकलेल्या वस्तूवर रागावता तरी येतं.

संध्याकाळी शाळेमागच्या माळावर होमकमिंगची मोठी शेकोटी पेटली. बँडचे ढोल तिच्या स्वयंपाकघरापर्यंत ऐकू येत होते. ग्रेडीच्या शेवंतीवर शेवटचा हात फिरवायचा राहिला होता. रात्री जेवणाच्या वेळी शॉना न्यायला येणार होती. जोनेलनं ग्रेडीचं नाव फितीवर चिकटवलं. शेजारी कॅसिडीचं चिकटवलं. अक्षरं सरळ आली. मग तिनं पिशवीतून घंटा काढली, फडक्यानं पुसली, आणि पुसता पुसता तिच्या मनात आलं, की वेलन चालणार नाही तर निदान ही तरी चालू दे. कुणाचं काय जातंय? एवढ्या घुंगरांत कोण ऐकणार? ती स्वतः ऐकेल, आणि कुंपणाशी उभी राहून एकदा ऐकलं की पुरे.

कोण ऐकणार, हे तिनं स्वतःलाच फसवायला म्हटलं होतं. ती घंटा कुणाला ऐकू येते, ते तिच्याइतकं कुणाला माहीत होतं?

तिनं घंटा ग्रेडीच्या शेवंतीत, तीन फुलांच्या मागे, वेण्यांच्या मुळाशी तारेनं बांधली. तार पुठ्ठ्यातून आरपार घेतली, मागून पीळ दिला, वर फीत चिकटवली. वरून बघणाऱ्याला दिसणारच नाही अशी. शॉना आली, तिनं शेवंती हळूच दोन्ही हातांवर घेतली आणि म्हणाली, "इतकी सुंदर तू कुणाचीच केली नाहीस." जोनेलनं मान हलवली. ते खरंच होतं, फक्त एक सोडून.

शुक्रवारी संध्याकाळी मॅचच्या वेळी जोनेलचं टेबल दर वर्षी मैदानाच्या फाटकाशी, प्रेक्षकांच्या चढत्या बाकांच्या खाली मांडलेलं असायचं. गरम गोंदाचं पिस्तूल, स्टेपलर, पक्कड, तार. दिवसभर मिरवून शेवंत्या खिळखिळ्या होतात. कुणाचं अस्वल पडतं, कुणाची वेणी दारात अडकून सुटते. पोरी रांगेनं येतात आणि जोनेल उभ्या उभ्या डागडुजी करते. यंदा ती येणार नाही असं सगळ्यांनी गृहीत धरलं होतं. ती आली. पॅट्सी घडीची खुर्ची टाकून शेजारी बसली, मांडीवर नाचोजची पुडी घेऊन.

"चीज आहे का वंगण, कळत नाही," पॅट्सी म्हणाली. "खा एक."

"नको."

"काही खाल्लंयस का आज?"

"खाल्लंय."

"काय?"

जोनेलला आठवेना. तिचं लक्ष आवाजाकडे होतं. फाटकातून पोरींचे घोळके आत येत होते आणि घुंगरांचा नुसता पाऊस पडत होता. ती त्यात एकच आवाज शोधत होती. पहिला क्वार्टर संपला, तरी तो आला नाही. तिला वाटलं, तार सुटली की काय.

मग गर्दीतून कॅसिडी आली, एकटी. तिच्या अंगावर पांढरा झगा आणि त्यावर ती शेवंती. डावा हात फुलांच्या मागे खुपसलेला. छातीत कळ आलेलं माणूस धरतं तसा. मध्यंतरात होमकमिंगच्या राणीचं नाव जाहीर व्हायचं होतं, आणि उमेदवार म्हणून तिला वडिलांच्या हाताला धरून मैदानाच्या मधोमध जायचं होतं. चेहरा रंगवलेला होता, पण डोळ्यांखालचा रंग पुसून पुन्हा लावल्याचं दिसत होतं.

"मिस जोनेल."

"ये. काय तुटलं?"

"काही तुटलं नाही." तिनं हात काढला नाही. "हे काढून द्या. मला निघत नाहीय. ग्रेडीनं बघितलं, त्याच्या आईनं बघितलं, कुणालाच तारेचं टोक सापडत नाही. तुम्ही असं बांधलंय, की तुमच्याशिवाय कुणाला सोडताच येऊ नये."

पॅट्सीनं नाचो तोंडाशी नेलेला हात खाली घेतला.

"मला वाटलं..." जोनेल म्हणाली आणि थांबली.

"सकाळी मी शाळेचं दार उघडून आत गेले," कॅसिडी हळू आवाजात म्हणाली. "दोन पावलं टाकली आणि सगळा कॉरिडॉर गप्प झाला. एकदम. सगळ्यांना वाटलं असेल तो... मला माहीत नाही काय वाटलं. कुणी बें-बें केलं नाही. जिथे जाईन तिथे गप्प. ग्रेडी माझ्या शेजारी चालत होता, मिस जोनेल. त्यानं काय करायचं होतं? तो काही म्हणाला नाही, फक्त जेवणाच्या सुट्टीत जाऊन ट्रकमध्ये बसला. मी घंटेत कागद कोंबले. तरी ती हलली की आतून कळतं."

"मी तुला दुखवायला नाही केलं गं."

"मला माहीत आहे. तुम्ही माझा विचारच नाही केला. तुम्ही त्याचा केलात." तिनं फुलांमागचा हात आणखी घट्ट दाबला. "भिंतीवर त्या होत्या तोवर मला त्यांच्याखाली झोप यायची नाही, आणि टाकून द्यायचं तर जीव होत नव्हता. म्हणून तुमच्या पोर्चमध्ये ठेवल्या. बेल वाजवायची हिंमत झाली नाही. मला वाटलं, तुमच्याकडे ठेवल्या म्हणजे आता त्या नीट राहतील. आणि तुम्ही तेच माझ्या गळ्यात परत बांधून पाठवलंत."

वर बाकांवर लोक पाय आपटायला लागले होते, पत्र्यातून धूळ गळत होती. जोनेलनं पक्कड उचलली. कॅसिडी जवळ येऊन उभी राहिली, हनुवटी वर करून, लहान पोर आईपुढे गुंड्या लावून घ्यायला उभं राहतं तशी. जोनेलनं फुलांच्या मागे बोटं घातली, फीत सोलली, पीळ शोधला. तार कट्कन तुटली. घंटा तिच्या तळहातात पडली, तोंडात टिश्यू पेपरचा बोळा.

"तुझ्यासाठी एक पांढरी केली होती त्यानं," जोनेलच्या तोंडून निघून गेलं. "म्हणजे, सुरुवात त्यानं केली होती."

हे बोलायला नको होतं. बोलता बोलताच तिला ते कळलं.

कॅसिडीनं डोळे मिटले, उघडले. "मला ते माहीत आहे," ती म्हणाली. "त्यानं मला फोटो पाठवला होता. वेणीचा. म्हणाला, बघ, आई उसवायला सांगतेय." मग तिनं वाकून जोनेलच्या गालाला गाल लावला, चेहऱ्यावरचा रंग सांभाळत, आणि म्हणाली, "मला ती दाखवू नका हां. कधीच नका दाखवू."

ती गेली. तिची घुंगरं इतर घुंगरांत मिसळून गेली आणि मग कुठली तिची, ते सांगता येईना.

पॅट्सीनं नाचोजची पुडी दुमडून खुर्चीखाली ठेवली. शेवटी म्हणाली, "मी सांगायला हवं होतं तुला. जूनपासून माहीत होतं मला."

"मी ऐकलं असतं का?"

"नाही."

"मग झालं तर."

मध्यंतर झालं. पॅट्सीनं तिला ढकलून उठवलं आणि दोघी कुंपणाशी जाऊन उभ्या राहिल्या. दिव्यांच्या उजेडात पाच मुली बापांच्या हाताला धरून मैदानाच्या मधोमध चालत गेल्या. कॅसिडी तिसरी. तिचे दोन्ही हात आता मोकळे होते. एक बापाच्या कोपरात, एक नुसता बाजूला, चालीबरोबर हलणारा. ती भराभर चालत होती, दिवसभर डोक्यावर पाण्याची घागर सांभाळून आत्ताच कुठे खाली ठेवल्यासारखी. ते बघून जोनेलला जे वाटलं, त्याची तिला लाज वाटली: तिला पोरीचा हेवा वाटला. त्या पोरीला सोडवायला कुणीतरी होतं.

राणी दुसरीच कुणीतरी झाली. कॅसिडीनं टाळ्या वाजवल्या. ग्रेडी हेल्मेट काखेत धरून मैदानाच्या कडेला उभा होता. तिनं लांबून त्याला आपला मोकळा हात दाखवला, आणि त्याचे ताठलेले खांदे सैल पडले.

खेळ पुन्हा सुरू झाला. जोनेल टेबलाशी परत गेली नाही. चौथ्या क्वार्टरला रॅम्सनी टचडाउन केला आणि सगळं मैदान उठून उभं राहिलं. बँड, ढोल, भोंगे, घुंगरं, हजार नरडी. त्या वर्षी जिंकायची वेळ पहिल्यांदाच आली होती, आणि मागच्या बाकावरचा एक अनोळखी म्हातारा, जुना विद्यार्थी असावा, निळी टोपी घातलेला, जोनेलच्या मुठीकडे बोट दाखवून आनंदानं म्हणाला, "अहो बाई, हातात घंटा आहे ना? मग वाजवा की. कशासाठी आणलीत?"

जोनेलनं त्याच्याकडे बघितलं. मग घंटेच्या तोंडातला कागदाचा बोळा बोटानं उकरून काढला, हात डोक्यावर नेला आणि घंटा वाजवली. जोरजोरात, खांदा दुखेपर्यंत. पॅट्सीनं तोंड फिरवलं. त्या सगळ्या गलक्यात ती घंटा जोनेलच्या स्वतःच्या कानांनासुद्धा ऐकू आली नाही.